तिसऱ्या शिफ्टला फोर्क वर का जात नव्हता: चाकणच्या एका प्लांटमधलं प्रकरण

झालं असं की गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या डॉकवरचा, म्हणजे ट्रक भरायच्या धक्क्यावरचा, इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट रोज रात्री दोन-अडीचच्या सुमाराला हात टेकायला लागला. बंद पडायचा नाही, पुढे-मागे व्यवस्थित चालायचा, पण फोर्क, म्हणजे माल उचलायचे पुढचे काटे, वर जायचा नाही. बाहेर ट्रेलर लावलेला, आत पॅलेट भरून तयार, आणि मधे ही अडीच टनाची गाडी नुसती उभी. मी मेंटेनन्सला आहे, त्यामुळे फोन मलाच. डॉकवरचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळा प्लांट मामा म्हणतो, त्यांचं ठरलेलं वाक्य, "सायेब, गाडी चालतीय पण उचलत न्हाई, बॅटरी गेली बगा."

प्लांट चाकण-तळेगाव रोडला, शीट मेटलचे प्रेस पार्ट बनवतो, तीन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. या प्रकरणाच्या दोन वर्षं आधी शेडमधला डिझेलचा धूर बंद करायचा म्हणून आत तीन इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, प्रत्येकीला ४८ व्होल्ट ६०० एएचची (अँपिअर-अवर) लेड अॅसिड बॅटरी आणि एकेक चार्जर. यार्डात एक डिझेल ठेवली. पहिलं वर्ष छान गेलं, सगळे खूश, मीही खूश. दुसऱ्या उन्हाळ्यात हे सुरू झालं आणि मीटिंगमध्ये दोन तट पडले. एक गट म्हणे इलेक्ट्रिक आपल्या कामाला चालतच नाही, डिझेल परत आणा. दुसरा म्हणे सगळ्या गाड्यांना लिथियम टाका आणि विषय संपवा. मला दोन्ही पटत नव्हतं, कारण गाडी दिवसभरात नक्की किती वीज खाते हे दोन्हीकडच्या कुणालाच माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी एक आठवडा मागून घेतला, फक्त मोजायला.

सोमवारी सकाळी हायड्रोमीटर घेऊन बसलो, म्हणजे सेलमधल्या अॅसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानाने ते किती दाट) मोजायची नळी; आकडा जितका कमी तितका सेल रिकामा. डॉकची बॅटरी, २४ सेल, चार्जरवरून नुकतीच काढलेली. फुल चार्ज झालेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२८०च्या जवळपास यायला पाहिजे. इथे बहुतेक सेल १.२१० ते १.२२०, आणि दोन सेल चक्क १.१६०. म्हणजे ज्या बॅटरीला आम्ही फुल म्हणून गाडीत बसवत होतो ती सुरुवातीलाच अर्धी होती. वरून झाकण उघडलं तर ट्रेच्या कडा गंजलेल्या, कनेक्टरवर पांढरट-हिरवट थर, खाली अॅसिड सांडल्याचे डाग. चार्जिंगच्या शेवटी एका सेलचं तापमान घेतलं, ५२ डिग्री. एप्रिल, पत्र्याची शेड, आणि चार्जर लावलाय भिंतीच्या कोपऱ्यात जिथे वाऱ्याची झुळूक नाही.

मग रात्री थांबलो. हे मी आधीच करायला पाहिजे होतं, दिवसा येऊन तिसऱ्या शिफ्टचा प्रॉब्लेम कळत नसतो. पहिल्याच रात्री तीन गोष्टी डोळ्यासमोर झाल्या आणि तिन्ही करणारी माणसं चांगल्या हेतूनेच करत होती.

पहिली गोष्ट चहाची. चहाची सुट्टी झाली की मामा गाडी चार्जरला लावायचे, दहा मिनिटं, जेवायला अर्धा तास. मोबाईलला आपण करतो तसंच, मिळेल तेवढं भरून घ्यायचं. लेड अॅसिडला हे सोसत नाही. हिचं चार्जिंग दोन टप्प्यात चालतं, आधी भराभर भरते, आणि सेलचा व्होल्टेज २.४च्या आसपास गेला की बुडबुडे यायला लागतात, तिथून पुढचं सावकाश. हे बुडबुडे म्हणजे नुसता वाया जाणारा गॅस असं लोकांना वाटतं, पण तेच आतलं अॅसिड ढवळतात. दहा-दहा मिनिटं चार्ज केलं तर बॅटरी त्या टप्प्याला कधी पोचतच नाही, जड अॅसिड तळाला बसतं, वर पाणचट राहतं, आतल्या शिशाच्या प्लेटवर सल्फेट धरायला लागतं आणि ते एकदा कडक झालं की निघणं अवघड. वर गरम बॅटरीला पुन्हा पुन्हा करंट, ती थंड कधी होणार.

दुसरी गोष्ट पाण्याची. हेल्पर पोरगा चार्जिंगच्या आधी टॉपअप करत होता, अगदी काठोकाठ. चार्ज होताना पातळी वाढते, ते उतू जातं, आणि उतू जाताना नुसतं पाणी जात नाही, अॅसिड जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा उतू. असं वर्षभर केलं की ग्रॅव्हिटी खाली येणारच, मग कितीही चार्ज करा. पाणी नेहमी चार्ज पूर्ण झाल्यावर घालायचं, आधी फक्त प्लेट उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच. आणि पाणी कुठलं, तर पिण्याच्या आरओचं. डीएम वॉटरचा (क्षार काढून टाकलेल्या पाण्याचा) कॅन संपला होता, स्टोअरला इंडेंट (मागणीचा कागद) पडला होता, तो येईपर्यंत पोराने आरओचं वापरलं कारण ते स्वच्छ दिसतं. आरओच्या पाण्यातही क्षार आणि क्लोराईड उरतातच, माणसाला ते चालतं, बॅटरीला नाही.

तिसरी गोष्ट बघून मात्र मी खरंच सुन्न झालो. गाडीला इंडिकेटर असतो, बॅटरी ८० टक्के उतरली की तो लिफ्ट कापतो, गाडी चालत राहते म्हणजे तुम्ही चार्जरपर्यंत जाल. हेच ते "उचलत न्हाई". तर मामांनी काय केलं, बॅटरीचा कनेक्टर ओढला, पाच-सात मिनिटं थांबले, परत लावला. लोड गेल्यावर बॅटरीचा व्होल्टेज थोडा वर येतो, इंडिकेटर फसतो, दोन-तीन दांड्या वाढवून दाखवतो आणि लिफ्ट सुरू. "असं तीन-चार डाव होतंय सायेब, मग मात्र काय करत न्हाई ती." किती दिवस करताय, विचारलं. दिवाळीपासून.

मी मामांना काही बोललो नाही, आणि बोलायचा हक्कही नव्हता. त्यांच्यासमोर ट्रेलर उभा, सुपरवायझर डोक्यावर, आणि त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की लिफ्ट कापणं हा बिघाड नाही, ती बॅटरीची राखण आहे. ८० टक्के उतरल्यावरही प्रत्येक वेळी ओढलेली बॅटरी आयुष्यातून वजा होत जाते. साधारण १,५०० सायकलची, म्हणजे रोज एकदा चार्ज केली तर चार-पाच वर्षांची वस्तू आम्ही दोन वर्षांत संपवली.

पण इथेच थांबून "ऑपरेटरची चूक" असं लिहून रिपोर्ट दिला असता तर ते खोटं ठरलं असतं. कारण बुधवारी मोजणीचे आकडे जुळवले तेव्हा कळलं की सगळं पुस्तकाप्रमाणे केलं असतं तरी ती गाडी तिसऱ्या शिफ्टला पोचलीच नसती.

हिशोब अगदी साधा आहे. ४८ गुणिले ६००, भागिले हजार, म्हणजे २८.८ युनिट. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे २३. चार्जरला मीटर बसवला, गाडीचं आवर मीटर (किती तास चालली ते दाखवणारं) लिहिलं, त्यावरून डॉकची गाडी तासाला ४ युनिटच्या आसपास खाते असं निघालं, रॅम्प चढायचा असतो आणि प्रत्येक पॅलेट ट्रेलरच्या उंचीला न्यायचं असतं त्यामुळे जास्त. पहिली शिफ्ट ५ तास गाडी चालू, दुसरी साडेचार, तिसरी अडीच. दिवसाचे १२ तास, ४८ युनिट. बॅटरी देणार २३. आणि ही बॅटरी भरायला ८ तास, थंड व्हायला पुस्तकात आणखी ८ तास सांगतात. २४ तासात कुठे बसवणार? आमचं खरेदी करताना काय चुकलं तर आम्ही "एका चार्जमध्ये एक शिफ्ट जाते" हे वाक्य ऐकलं, ते खरंच होतं, आणि आमच्याकडे शिफ्ट तीन आहेत हे विकणाऱ्यानेही विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. डिझेलला हा प्रश्नच नव्हता, टाकी पाच मिनिटात भरते, त्यामुळे गाडी किती तास खरंच चालते हे मोजायची सवयच कुणाला नव्हती.

बाकी दोन गाड्यांचं चित्र वेगळं. स्टोअरची गाडी फक्त पहिल्या शिफ्टला, चार तास, सपाट फरशीवर, तासाला ३ युनिट, म्हणजे दिवसाला १२. तिची ग्रॅव्हिटी दोन वर्षांनंतरही १.२७०! तीच बॅटरी, तोच चार्जर, तेच ऊन. प्रेस शॉपची गाडी ८ तास, २४ युनिट, म्हणजे काठावर. एकाच दिवशी घेतलेल्या तीन बॅटऱ्या, एक ठणठणीत, एक थकलेली, एक मेलेली, आणि फरक मुळात कामाच्या तासांचा.

म्हणून "इलेक्ट्रिक चालतं का" हा प्रश्न सगळ्या प्लांटचा म्हणून विचारला तर उत्तर मिळत नाही, एकेका गाडीचा म्हणून विचारला तर लगेच मिळतं.

डॉकसाठी काय केलं

डॉकसाठी दोन रस्ते होते. एक म्हणजे लेड अॅसिडच्याच आणखी दोन बॅटऱ्या घ्यायच्या आणि शिफ्टला बदलायच्या. हजार किलोच्या आसपासची बॅटरी, ती काढायला क्रेन किंवा रोलरचा स्टँड, सेलवर दाब येऊ नये म्हणून वेगळा लिफ्टिंग बीम, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं, आणि रात्री अडीचला झोपेत असलेल्या दोन माणसांच्या हातून. जागा नव्हती आणि माझी हिंमतही नव्हती. दुसरा रस्ता लिथियम, म्हणजे एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट.

लिथियमचं कोटेशन लेड अॅसिडच्या जवळपास दुप्पट आलं. आमच्या प्लांट हेडना पैशापेक्षा आगीची धास्ती जास्त होती, २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला पेटलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेला. धास्ती चुकीची नाही. पण लिथियम बॅटरी म्हणजे एकच रसायन नसतं, एलएफपी तापली तरी तिच्यातला ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाही, म्हणून ती त्यातल्या त्यात शांत. आणि लेड अॅसिडपण काही साधू नाही. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पेटतो, आणि आमचे चार्जर होते वेल्डिंगच्या बेच्या भिंतीला लागून. दोन वर्षं काही झालं नाही हे नशीब. ते सगळ्यात आधी हलवलं, लिथियमचा निर्णय होण्याच्याही आधी, शेडच्या उघड्या बाजूला, वर एक्झॉस्ट, शेजारी डोळे धुवायचा नळ आणि खायच्या सोड्याची बादली.

पॅक ठरवताना हिशोब उलटा केला. ५१.२ व्होल्ट ४०० एएच, म्हणजे साडेवीस युनिट, लेड अॅसिडपेक्षा लहानच. चार्जर २०० अँपिअरचा. इथे मामांची चहाची सवयच कामाला आली. एलएफपीला तुकड्या-तुकड्याने चार्ज केलेलं चालतं. प्रत्येक शिफ्टला दोन चहा, एक जेवण आणि शिफ्ट बदलताना वीस मिनिटं, असे ७० मिनिटं होतात, त्यात १२ युनिट जातात. पहिली शिफ्ट २० खाते, १२ परत मिळतात. दुसरी १८ खाते, १२ मिळतात. मध्यरात्री पॅक ३० टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तिसऱ्या शिफ्टला ट्रेलरची वाट बघण्यात जो दीड-दोन तास जातो त्यात सकाळपर्यंत पुन्हा फुल. जेमतेम बसलं. मोठा पॅक घेतला असता तर सुखाने बसलं असतं, पण तेवढे पैसे मंजूर होणार नव्हते, आणि मोजलेले आकडे हातात होते म्हणून लहान पॅक घ्यायची हिंमत झाली.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो कारण त्यावरून माझं एका पुरवठादाराशी चांगलंच वाजलं. त्याचा पॅक स्वस्त होता, वजन अडीचशे किलो, आणि तो म्हणत होता की हलका आहे, गाडी पळेल. अहो, फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी ही मागचं वजन पण असते! गाडीच्या प्लेटवर बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं ते उगाच नाही. पुढे अडीच टन उचलायचे आणि मागून सातशे किलो काढून घ्यायचे, रॅम्पवर मागची चाकं हलकी होणार, आणि स्टिअरिंग त्याच चाकांना असतं. त्यांच्याकडे बॅलास्टचं, म्हणजे कमी पडणारं वजन भरून काढायच्या लोखंडाचं, ड्रॉइंग मागितलं, आलं नाही, विषय संपला. आम्ही घेतला तो पॅक लोखंडी बॅलास्टसकट, वजन प्लेटशी जुळवून, वजनकाट्यावर स्वतः उभं राहून मोजून.

बाकीच्या दोन गाड्यांना लिथियम लावलं नाही. स्टोअरच्या गाडीला तर गरजच नाही, संध्याकाळी लावा, सकाळी काढा, तिच्यावर दुप्पट पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी. प्रेस शॉपच्या गाडीवरून स्क्रॅप बिनच्या फेऱ्या काढून बॅटरीवाल्या पॅलेट ट्रकला (पॅलेट जमिनीलगत नेणारी छोटी गाडी) दिल्या, आठ तासांचे साडेसहा झाले, २० युनिटच्या आत आली. रात्री साडेदहाला चार्जिंगला जाते, सहाला उतरते, थंड व्हायला जेमतेम तासभर मिळतो म्हणून बाजूला एक मोठा पंखा लावलाय. तिला इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम लांबवलेला चार्ज) द्यायला गुरुवार ठरवला होता, पण गुरुवारी महावितरणचंही मेंटेनन्सचं शटडाऊन असतं, दोनदा मध्येच लाईट गेली, म्हणून आता बुधवारी रात्री सुरू करतो. चार-पाच आठवड्यांत तिची ग्रॅव्हिटी १.२३० वरून १.२६० ला आली. तिच्या पुढे जाणार नाही बहुतेक, जे सल्फेट कडक झालं ते झालं.

यार्डातली डिझेल तशीच ठेवली. तिथे फरशी नाही, खडी आणि माती, जून ते सप्टेंबर गुडघाभर खड्डे, त्यात इलेक्ट्रिक गाडी घालायची तर वायरिंगची काळजी वेगळी आणि वीजही जास्त. यावरून मला "तुम्ही इलेक्ट्रिकवाले ना, मग हे काय" असं ऐकावं लागलं. जिथे ती पटत नाही तिथे नाही म्हणायला मला काही वाटत नाही.

पैशाचं

डिझेल गाडी तासाला तीनेक लिटर पिते, पुण्यात लिटर नव्वदच्या आसपास, म्हणजे पाच तासांच्या शिफ्टला साडेतेराशे. इलेक्ट्रिकला तेवढ्याच कामाला गाडीत २० युनिट लागतात, लेड अॅसिडमध्ये नुकसान धरून भिंतीवरच्या प्लगमधून २६-२७ जातात, एलएफपीमध्ये २२ च्या आसपास, युनिटला नऊ-दहा रुपये धरले तरी अडीचशेच्या आत-बाहेर. इंधनाचा हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण दोन वर्षांत मारलेली बॅटरी त्यात धरली की तो फरक बराचसा खाऊन टाकते, आणि हे मीटिंगच्या पीपीटीत कुणी धरत नाही.

एक झटका नंतर बसला. शिफ्ट बदलताना डॉकचा मोठा चार्जर, पॅलेट ट्रकचा चार्जर आणि कॉम्प्रेसर एकदम सुरू, त्या महिन्याच्या बिलात डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेली जास्तीत जास्त वीज, वर गेलेली. आता पॅलेट ट्रकच्या चार्जरला टायमर आहे. रात्रीच्या स्वस्त विजेचं जे जुनं गणित होतं, १० ते ६, तेही बदललंय, सवलतीचा रोख आता दिवसाच्या सौर तासांकडे आहे, त्यामुळे दुपारच्या जेवणाचं चार्जिंग चुकवू नका असं आम्ही आता सांगतो.

मेलेली बॅटरी घ्यायला एक भंगारवाला गेटवर दोनदा येऊन गेला, रोख देत होता. नाही दिली. २०२२च्या बॅटरी वेस्टच्या नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवी, आणि नियम नसता तरी शिसं उघड्यावर वितळवणाऱ्या भट्टीत आपली बॅटरी जावी असं मला वाटत नाही, त्या भट्टीशेजारी कुणाची तरी पोरं खेळत असतात.

डॉकची गाडी लिथियमवर आल्याला आता आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यात दोनदा लिफ्ट कापली, दोन्ही वेळा जेवणाला चार्जर लावायचा राहिला होता. तेव्हापासून मामांनी स्वतःच नियम केला, आधी गाडी चार्जरला, मग हात धुवायचे. कनेक्टर ओढायची गरज पडली नाही. बाकी दोन बॅटऱ्यांसाठी चार्जरशेजारी एक वही बांधलीये, रोज तारीख, चार्ज संपल्यावरची एका ठरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी आणि पाणी घातलं की नाही एवढंच. डीएम वॉटरचे दोन कॅन कायम शिल्लक असले पाहिजेत, एक उघडला की स्टोअरला इंडेंट, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर मामांनी त्यांच्या अक्षरात लिहिलंय. काल बघितलं तर स्टोअरच्या गाडीसमोर १.२७०, प्रेसच्या गाडीसमोर १.२५५. ती पाच पॉइंटने उतरलीये, या बुधवारी इक्वलायझिंग थोडं लांबवून बघणार आहे.